पाय कुणाचे? फ्रान्समधील फुटबॉल घडणकेंद्रांचा इतिहास

१/
जुलै १९६३. फ्रान्समधल्या एका साप्ताहिकात रेमों कोपा या फुटबॉलपटूच्या नावाने लेख प्रसिद्ध झाला. व्यावसायिक फुटबॉलपटू हे गुलाम आहेत, असे त्यात थेट म्हटले होते. लिहिणारा कुणी संघाबाहेर फेकला गेलेला नाराज खेळाडू नव्हता. रेआल माद्रिदकडून लागोपाठ तीन युरोपियन चषक जिंकलेला, १९५८ सालचा ‘बॅलन डी’ऑर’ मिळवलेला, त्या काळातला फ्रान्सचा सर्वांत मोठा खेळाडू होता तो. त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली.

आजचा धागा फुटबॉल ॲकॅडमींविषयी आहे. बारा-तेरा वर्षांची मुले निवडून, घरापासून दूर ठेवून त्यांना खेळाडू म्हणून घडवण्याची पद्धत फ्रान्समध्ये कशी रुजली, याविषयी. या विषयाची चर्चा सहसा १९९८च्या विश्वचषकापासून, झिदानपासून, क्लेरफाँतेनच्या हिरव्या मैदानांपासून सुरू होते. परंतु या व्यवस्थेचे मूळ मैदानावर नाही. ते एका कामगार-तंट्यात आहे. म्हणून आरंभ कोपापासून.

२/
कोपाचा संताप समजायचा तर त्या काळचा करार पाहावा लागतो. फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉल अधिकृतपणे १९३२मध्ये सुरू झाला. खेळाडूने एकदा व्यावसायिक करारावर सही केली की वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत तो त्या क्लबला बांधला जाई. क्लब त्याला विकू शकत होता, ठेवून घेऊ शकत होता. खेळाडूला मात्र स्वतःच्या मर्जीने दुसरीकडे जाता येत नसे. पस्तिशीनंतर तो मोकळा. पण पस्तिशी उलटलेल्या फुटबॉलपटूला विचारतो कोण?

‘गुलाम’ हा शब्द अतिशयोक्त आहे, असे तेव्हाही अनेकांनी म्हटले. कोपाची मिळकत सामान्य कामगाराच्या कितीतरी पट होती. पण त्याचा मुद्दा मिळकतीचा नव्हता, मालकीचा होता.

३/
कोपा म्हणजे मूळचा कोपाशेव्स्की. पोलंडहून आलेल्या स्थलांतरितांचे कुटुंब, उत्तर फ्रान्समधले नॅ-ले-मीन हे कोळशाच्या खाणींचे गाव, जन्म १९३१चा. वडील खाणीत, भाऊ खाणीत. चौदाव्या वर्षी हाही खाणीत उतरला. तिथल्या अपघातात त्याने हाताच्या बोटाचा भाग गमावला.

अशा मुलाला शोधण्याची व्यवस्था त्या काळी कोणती होती? ‘तरुण फुटबॉलपटू’ या नावाची एक देशव्यापी स्पर्धा भरत असे. मुले यायची, चेंडूवरची आपली हुकमत दाखवायची आणि परीक्षक गुण द्यायचे. १९४९मध्ये कोपा तिच्यात दुसरा आला आणि दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या आँजे क्लबने त्याला घेतले. म्हणजे शोध होता, घडण नव्हती. मुलगा गल्लीत, खाणवस्तीच्या मोकळ्या जागेत जमेल तसा शिके आणि क्लबला तो आयता मिळे. त्याच्या घडण्यावर क्लबने छदामही खर्च केलेला नसे, आणि तरीही पस्तिशीपर्यंत तो क्लबचा.

४/
एक तपशील इथे नोंदवून ठेवतो. कोपाचा लेख येण्यापूर्वी काही महिने, मार्च-एप्रिल १९६३मध्ये, फ्रान्सच्या कोळसा खाणकामगारांनी महिन्याहून अधिक काळ चाललेला मोठा संप केला होता. लेखाचा त्या संपाशी थेट संबंध होता, असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. मात्र वाचणाऱ्यांच्या मनात संपाची आठवण ताजी असणार. आणि तुलना बोचरी होती: खाणकामगार निदान एक खाण सोडून दुसऱ्या खाणीत जाऊ शकत होता.

५/
खेळाडूंची संघटना १९६१मध्येच उभी राहिली होती. तिच्या संस्थापकांत १९५८च्या विश्वचषकात १३ गोल करणारा ज्युस्त फोंतेन होता, आणि कॅमेरूनहून आलेला, खेळता खेळता कायद्याचे शिक्षण घेणारा युजेन न्जो लेआ होता. या दुसऱ्या नावाकडे आवर्जून लक्ष द्यावे. वसाहतीतून आलेल्या एका विद्यार्थ्याने फ्रेंच खेळाडूंना ‘करार’ म्हणजे काय ते कायद्याच्या भाषेत समजावून दिले.

६/
दुसरीकडे सरकार वेगळ्याच चिंतेत होते. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला एकूण पाच पदके मिळाली; त्यांत सुवर्ण एकही नाही. द गॉल यांच्या फ्रान्सला, देशाच्या प्रतिष्ठेचा ध्यास घेतलेल्या फ्रान्सला, हे झोंबले. युवक आणि क्रीडा खाते तेव्हा मोरिस एर्झोग यांच्याकडे होते. होय, १९५०मध्ये अन्नपूर्णा शिखर सर करणारे तेच. साठच्या दशकात क्रीडांगणे, तरणतलाव, प्रशिक्षकांच्या सरकारी नेमणुका यांवर खर्च वाढला. खेळ हा आता राज्यसंस्थेचा विषय झाला.

फुटबॉलची अवस्था तर अधिकच केविलवाणी. १९५८च्या विश्वचषकात तिसरा आलेला हा देश १९६२मध्ये पात्रही ठरला नाही. १९६६मध्ये गटातच बाद. १९७० आणि १९७४मध्ये पुन्हा अपात्र.

७/
मग आला मे १९६८. पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर होते, कारखाने बंद पडत होते. त्याच दिवसांत काही डझन फुटबॉलपटूंनी आणि एका डाव्या क्रीडा-नियतकालिकाच्या पत्रकारांनी येना मार्गावरचे फुटबॉल महासंघाचे मुख्यालय ताब्यात घेतले आणि वर फलक लावला. फुटबॉल हा फुटबॉलपटूंचा आहे, असा त्याचा आशय. ताबा घेणारे बहुतेक हौशी खेळाडू होते. व्यावसायिक अगदी मोजके. त्या मोजक्यांत रेड स्टार क्लबचा आंद्रे मेरेल हा तरुण होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते अगदी अनपेक्षित जागी भेटणार आहे.

ताबा पाच-सहा दिवस टिकला. त्यातून लगेच काही बदलले नाही. पण पुढच्याच वर्षी, १९६९मध्ये, मुदतीचा करार मान्य झाला. ठरावीक वर्षांचा करार. तो संपला की खेळाडू मोकळा.

८/
क्लबांना हे पचले नाही. १९७२मध्ये मुदतीच्या करारावर पुन्हा गदा येऊ लागली, तेव्हा डिसेंबरात खेळाडूंनी संप केला. अखेर सरकारच्या मध्यस्थीने १९७३मध्ये क्लब आणि खेळाडू यांच्यात ‘व्यावसायिक फुटबॉलची सनद’ झाली.

या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज हाच. स्पर्धांचे इतिहास लिहिणारे त्याला एका ओळीत उरकतात. तसे न करता जरा थांबून पाहू.

९/
सनदेत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. पहिली: मुदतीचा करार कायम राहिला. प्रौढ खेळाडू मोकळा झाला. दुसरी: अव्वल श्रेणीच्या क्लबांनी स्वतःचे प्रशिक्षण केंद्र चालवणे बंधनकारक झाले. कोवळ्या खेळाडूंसाठी शिकाऊ कराराच्या पायऱ्या ठरल्या, आणि त्या पायऱ्या चढून आलेल्या मुलाने पहिला व्यावसायिक करार आपल्याला घडवणाऱ्या क्लबशीच करावा, असे बंधन आले.

या दोन गोष्टी एकमेकींचे मोल आहेत. क्लबांनी पंचविशीतल्या माणसावरचा हक्क सोडला. बदल्यात त्यांना सोळा वर्षांच्या मुलावर हक्क मिळाला. पस्तिशीपर्यंतची साखळी गेली, तिच्या जागी एक आखूड साखळी आली, फक्त ती आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलेली.

हा कुणाचा कुटिल डाव होता, असे मला म्हणायचे नाही. उलट, खाणीतून थेट मैदानावर येणाऱ्या कोपाच्या काळाशी तुलना करता ही फार मोठी सुधारणा होती. मुलाला निवारा, आहार, शाळा आणि प्रशिक्षक मिळू लागले. पण ॲकॅडमीचा जन्म मुलांच्या प्रेमातून झाला, हा समज सोडून द्यावा लागतो. तो मालकीविषयीच्या तडजोडीतून झाला, आणि त्या तडजोडीच्या खुणा आजवर पुसल्या गेलेल्या नाहीत.

१०/
शब्दाचा एक मुद्दा. ‘ॲकॅडमी’ हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला. फ्रेंच मंडळी या केंद्रांसाठी जो शब्द वापरतात त्याचा नेमका मराठी प्रतिशब्द ‘घडण’ हा आहे. कुंभार मडके घडवतो, सोनार दागिना घडवतो. घडवलेल्या वस्तूवर घडवणाऱ्याचा हक्क असतोच, हे त्या शब्दात गृहीत आहे. माणसाच्या बाबतीत तो हक्क कुठवर जातो, हाच पुढचा सगळा वाद.

११/
सनदेच्या सुमारास महासंघाने स्वतःची राष्ट्रीय फुटबॉल संस्थाही काढली, १९७२मध्ये, व्हिशी येथे. (दुसऱ्या महायुद्धात नाझींशी सहकार्य करणाऱ्या पेतँ सरकारची हीच राजधानी.) या सगळ्या उभारणीमागे झोर्झ बूलोन्य हे गृहस्थ होते: १९६९पासून राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आणि १९७०पासून महासंघाचे राष्ट्रीय तांत्रिक संचालक. शिस्त, शारीरिक तयारी, प्रशिक्षकांची पदविका या त्यांच्या आवडीच्या गोष्टी. १९६८मध्ये मुख्यालय बळकावणाऱ्या मंडळींचा त्यांच्यावर विशेष राग होता. खेळातला आनंद मारून टाकणारा अधिकारी, अशी त्यांची प्रतिमा त्या गोटात होती. व्हिशीतून पुढे झां-पिएर पापँ आला, ज्याला १९९१चा ‘बॅलन डी’ऑर’ मिळाला.

केंद्रांचे दार सर्वांना सारखेच उघडे होते असे नाही. मिशेल प्लातिनी लहानपणी मेत्स क्लबकडे गेला, तेव्हा श्वसनक्षमता मोजणाऱ्या यंत्रावरचा त्याचा आकडा कमी भरला आणि त्याला परत पाठवण्यात आले. नाँसी क्लबने त्याला घेतले. १९८४मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली फ्रान्सने युरोपियन अजिंक्यपद पटकावले, त्यात पाच सामन्यांत नऊ गोल त्याचे. यंत्रावरच्या आकड्यामुळे परत गेलेल्या इतर मुलांचे काय झाले, हे सांगायला प्लातिनीसारखी प्रसिद्धी त्यांच्यापाशी नव्हती.

१२/
क्लबांमध्ये सर्वांत रम्य इतिहास नाँतचा. स्पेनच्या यादवी युद्धामुळे देश सोडावा लागलेला बास्क प्रांतातला होसे आरिबास हा माणूस १९६० साली तिथे प्रशिक्षक म्हणून आला. चेंडू झटपट पुढे सरकवायचा, पास देऊन थांबायचे नाही, जागा बदलत राहायची, ही त्याची शिकवण. १९६५ आणि १९६६ अशी दोन वर्षे नाँत विजेते ठरले. १९७८मध्ये क्लबने झोनेलिएर येथे स्वतःचे केंद्र उघडले आणि तीच शिकवण मुलांच्या पहिल्या इयत्तेपासून सुरू झाली. आपल्याकडे गायकीत घराणे म्हणतात तसे हे फुटबॉलचे घराणे झाले: प्रशिक्षक बदलले, चाल बदलली नाही. केंद्र सांभाळणारे रेनाल दनुएक्स पुढे मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले आणि २००१मध्ये नाँत पुन्हा विजेते झाले.

१९९८च्या विश्वविजेत्या संघातले तिघे नाँतच्या केंद्रातले. बास्क प्रदेशातून आलेला दिदिए देशाँ. घानाच्या अक्रा शहरात जन्मलेला मार्सेल देसायी. आणि पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाच्या लिफू बेटावरून आलेला क्रिस्तियाँ कारांब. या तिसऱ्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. १९३१मध्ये पॅरिसला भव्य वसाहत प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने न्यू कॅलेडोनियातील कनाक लोकांना आणून, ‘नरभक्षक’ म्हणून प्रेक्षकांपुढे उभे करण्यात आले. त्या माणसांत कारांबचे पणजोबा होते. सदुसष्ट वर्षांनी पणतू त्याच देशाच्या संघातून विश्वविजेता झाला. सामन्यापूर्वी राष्ट्रगीताच्या वेळी त्याचे ओठ मिटलेले असत.

१३/
झिनेदिन झिदानची वाट अशीच एका केंद्रातून गेली. मार्सेलच्या कास्तेलान वस्तीत, अल्जीरियातून आलेल्या कुटुंबात १९७२मध्ये जन्म. एका शिबिरात कान क्लबच्या माणसाने त्याला हेरले. चौदा वर्षांचा मुलगा घर सोडून कानला गेला, तिथे क्लबशी संबंधित एका कुटुंबात राहिला आणि मे १९८९मध्ये, सतरावे पुरे होण्याआधी, अव्वल श्रेणीत खेळला. चौदाव्या वर्षी कोपा खाणीत उतरला होता, हे इथे आठवावे.

१४/
आता क्लेरफाँतेन. पॅरिसच्या नैर्ऋत्येला सुमारे पन्नास किलोमीटरवर, रांबुयेच्या जंगलात महासंघाने उभारलेले हे राष्ट्रीय केंद्र १९८८मध्ये सुरू झाले. महासंघाचे माजी अध्यक्ष फेर्नां सास्त्र यांचे नाव त्याला पुढे देण्यात आले. १९९८च्या विश्वचषकाच्या संयोजनाची धुरा वाहणारे सास्त्र स्पर्धा सुरू झाल्यावर तीनच दिवसांत वारले. त्यांना अंतिम सामना दिसला नाही.

इथली कल्पना व्हिशीपेक्षा वेगळी होती. वय तेरा ते पंधरा. पॅरिस आणि आसपासच्या प्रदेशातली वीस-पंचवीस मुले दरवर्षी निवडायची. सोमवार ते शुक्रवार केंद्रात मुक्काम, दिवसा जवळच्या शाळेत वर्ग, मग सराव. शुक्रवारी मुलगा घरी जाणार आणि शनिवार-रविवारी आपल्या मूळ, गल्लीतल्या क्लबकडूनच खेळणार. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. मुलाचे पाय मूळ जागी रोवलेले राहतात, शिवाय छोट्या क्लबला आपला मुलगा पळवून नेल्याची भावना राहत नाही.

सरावाचा भर चेंडूवरच्या पकडीवर. दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत, ताकद नंतर येते, आधी स्पर्श. थिएरी ऑन्री, निकोला आनेल्का, विल्यम गालास, लुई साहा ही सगळी या शाळेची मुले. आणि तिचे प्रमुख म्हणून अनेक वर्षे काम पाहणारे गृहस्थ? आंद्रे मेरेल. मे १९६८मध्ये महासंघाचे मुख्यालय ताब्यात घेणारा तोच तरुण. ज्या महासंघाच्या दारावर त्याने फलक लावला, त्याच महासंघाच्या शाळेत तो मुलांना खेळातला आनंद शिकवत राहिला. इतिहासात असे योग क्वचित येतात. आले की त्यांच्यावर भाष्य न केलेले बरे.

१५/
या नमुन्यावर पुढे देशभर केंद्रे निघाली. त्यांतले एक लिएव्हँ येथे आहे, कोपाच्या गावापासून फार दूर नाही. १९७४च्या डिसेंबरात तिथल्या खाणीतल्या स्फोटात ४२ कामगार दगावले होते. खाणी आता बंद आहेत.

१२ जुलै १९९८ची रात्र सर्वांना ठाऊक आहे: ब्राझीलविरुद्ध ३-०, झिदानचे डोक्याने केलेले दोन गोल. काळे, गोरे, अरब यांचा एकत्र फ्रान्स, अशी घोषणा त्या उन्हाळ्यात सर्वतोमुखी झाली. दोनच वर्षांपूर्वी अतिउजव्या पक्षाचे नेते झां-मारी ल पेन यांनी हा संघ कृत्रिम असल्याचे म्हटले होते. विजयानंतर जगभरच्या महासंघांनी क्लेरफाँतेनकडे पाहुणे धाडले.

१६/
इथवरची कथा यशाची. पण सनदेतली ती दुसरी गोष्ट, पहिल्या कराराचे बंधन, दरम्यान न्यायालयाच्या पायरीकडे निघाली होती.

१५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बोस्मान खटल्यात निकाल दिला: करार संपलेल्या खेळाडूसाठी क्लबला पैसे मागता येणार नाहीत. प्रौढ खेळाडूची उरलीसुरली साखळीही तुटली. मग मुलांना घडवणाऱ्या क्लबांचे काय? २००१मध्ये फिफाने नवे नियम केले. बारा ते एकवीस या वयातल्या घडणीसाठी भरपाई ठरली, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या देशांतरावर, काही अपवाद वगळता, बंदी आली.

१७/
ओलिव्हिए बेर्नार हे नाव फारसे कुणाला आठवत नाही. १९९७मध्ये त्याने लिआँ क्लबशी तीन वर्षांचा ‘होतकरू खेळाडू’ म्हणून करार केला. २०००मध्ये क्लबने त्याला एका वर्षाचा पहिला व्यावसायिक करार देऊ केला. त्याने तो नाकारला आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल युनायटेडशी करार केला. लिआँने त्याच्यावर आणि न्यूकॅसलवर दावा लावला. मागणी ५३,३५७ युरो १६ सेंटची. म्हणजे सही केली असती तर वर्षभरात त्याला जे वेतन मिळाले असते तेवढी रक्कम.

खटला दहा वर्षे चालला आणि युरोपीय न्यायालयात पोचला. १६ मार्च २०१०च्या निकालात न्यायालयाने दोन बाजूंना दोन गोष्टी दिल्या. मुलांना घडवण्यास क्लबांना उत्तेजन मिळावे हा हेतू रास्त आहे, आणि त्यासाठी भरपाईची योजना असायला हरकत नाही. मात्र भरपाई प्रत्यक्ष खर्चाशी निगडित हवी. लिआँने मागितलेल्या रकमेचा घडणीच्या खर्चाशी काही संबंधच नव्हता, म्हणून ती मान्य नाही.

१८/
खर्च मोजायचा कसा, याविषयी निकालात जे म्हटले आहे ते मला सर्वांत खोल वाटते. क्लब अनेक मुलांना घडवतो, त्यांतली थोडीच व्यावसायिक होतात. म्हणून भरपाई ठरवताना व्यावसायिक होणाऱ्या मुलाचाच नव्हे, तर कधीच व्यावसायिक न होणाऱ्या मुलांचाही खर्च धरला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

हिशेब म्हणून हे निर्दोष आहे. पण त्याचा अर्थ पाहा. सोळाव्या वर्षी केंद्रातून घरी पाठवलेला मुलगा न्यायालयाच्या कागदावर पहिल्यांदा आला, तो दुसऱ्या मुलाच्या किमतीतला एक भाग म्हणून. त्याच्या स्वतःच्या वाया गेलेल्या वर्षांची भरपाई हा त्या खटल्याचा विषय नव्हता, आणि नसणारच, कारण तो कुणी पक्षकार नव्हता. १९७३च्या टेबलावर क्लब होते, प्रौढ खेळाडूंची संघटना होती, सरकार होते. मुलांच्या बाजूने तिथे कुणी बसले नव्हते.

१९/
त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१०मध्ये, महासंघात एक बंद दाराआडची बैठक झाली. एप्रिल २०११मध्ये एका वृत्त-संकेतस्थळाने तिचे ध्वनिमुद्रण उघड केले आणि देश हादरला. दुहेरी नागरिकत्व मिळू शकणाऱ्या मुलांचे केंद्रांतले प्रमाण मर्यादित ठेवावे, साधारण तीस टक्क्यांवर, अशी चर्चा तिथे झाली होती. युक्तिवाद असा: आपण आपल्या पैशाने मुलगा घडवायचा आणि त्याने पुढे अल्जीरियाकडून किंवा सेनेगलकडून खेळायचे. (२००९मध्ये फिफाने देश बदलण्यासाठीची वयाची अट काढून टाकली होती, त्यामुळे ही शक्यता वाढली होती.) केंद्रांत उंच, दणकट मुलांनाच पसंती मिळते आणि ती बहुधा काळी असतात, अशा आशयाचे बोलणेही त्या बैठकीत झाले.

बैठकीला राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक लोराँ ब्लाँ होते, १९९८च्याच संघातले. त्यांनी नंतर माफी मागितली, चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही. तांत्रिक संचालकांना काही काळ निलंबित करण्यात आले. प्रमाणाची मर्यादा प्रत्यक्षात लागू झाली नव्हती, असा निष्कर्ष निघाला. १९९८चा दुसरा खेळाडू, लिलियाँ तुराम, या सगळ्यावर जाहीर टीका करत होता. एकाच विजयी संघातले दोन माणसे दोन टोकांना.

माझ्या मते या वादाला निव्वळ वंशवादाचे प्रकरण म्हणणे अपुरे आहे. वंशवाद त्यात होताच. पण तर्क जुनाच होता, लिआँच्या दाव्यातला. घडवले आम्ही, तर हक्क आमचा. फक्त क्लबच्या जागी राष्ट्र आले.

२०/
या तर्काला इतिहासाने एक उत्तर आधीच देऊन ठेवले होते. एप्रिल १९५८मध्ये, विश्वचषक दोन महिन्यांवर असताना, फ्रान्समध्ये खेळणारे सुमारे दहा अल्जीरियन खेळाडू गुपचूप देशाबाहेर पडले आणि ट्युनिसला जाऊन त्यांनी स्वातंत्र्यचळवळीचा संघ उभारला. त्यांत सेंत-एतिएनचा रशीद मेखलूफी होता, मोनाकोचा मुस्तफा झितूनी होता. दोघेही फ्रान्सच्या विश्वचषक संघात सहज असते. फिफाने त्या संघाला मान्यता दिली नाही. अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर मेखलूफी सेंत-एतिएनकडे परतला आणि प्रेक्षकांनी त्याला पुन्हा आपलेसे केले.

२०१४च्या विश्वचषकात अल्जीरियाच्या संघातले बहुसंख्य खेळाडू फ्रान्समध्ये जन्मलेले होते. पुढे विजेत्या ठरलेल्या जर्मनीला त्यांनी बाद फेरीत जादा वेळेपर्यंत झुंजवले.

२१/
२०११च्या त्याच वर्षी, प्रकरण ताजे असतानाच, पॅरिसच्या उपनगरातला एक बारा वर्षांचा मुलगा क्लेरफाँतेनला दाखल झाला. वडील कॅमेरूनचे, आईचे कुटुंब अल्जीरियाचे. गाव बाँदी. २००५च्या ऑक्टोबरात ज्या क्लिशी-सू-ब्वामध्ये फुटबॉल खेळून घरी परतणारी दोन मुले, पोलिसांपासून लपताना वीजकेंद्रात शॉक लागून मेली आणि उपनगरे पेटली, तिथून हे गाव अगदी जवळ. बैठकीतल्या त्या प्रमाणात मोजला गेला असता असा हा मुलगा. आणि जन्मतारीख २० डिसेंबर, म्हणजे आपल्या वयोगटात जवळजवळ सर्वांत लहान. केंद्रांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली, म्हणून थोडी थोराड दिसणारी मुलेच अधिक निवडली जातात, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे.

किलियान एम्बापे दोन वर्षे क्लेरफाँतेनमध्ये राहिला. शनिवार-रविवार बाँदीकडून खेळला. नंतर मोनाकोच्या केंद्रात गेला आणि मार्च २०१६मध्ये पहिला व्यावसायिक करार केला, सनदेला अभिप्रेत होता तसा, घडवणाऱ्या क्लबशीच. २०१८मध्ये विश्वविजेता. २०२४च्या जूनअखेर पॅरिस सेंट-जर्मेनबरोबरचा करार संपू देऊन, बदलीचा एक युरोही न देता-घेता, तो रेआल माद्रिदला गेला. वेतनावरून जुन्या क्लबशी त्याचा तंटा लागला, तो वेगळा.

रेमों कोपाचे ३ मार्च २०१७ रोजी निधन झाले. पुढच्या वर्षी, २०१८च्या डिसेंबरात, जगातल्या एकवीस वर्षांखालील सर्वोत्तम फुटबॉलपटूसाठी त्याच्या नावाचा करंडक पहिल्यांदा देण्यात आला. तो एम्बापेला मिळाला.